किल्ली नको, खांदा लाव

फेब्रुवारीपासून आमच्या घराचं दार बंद होत नव्हतं. लोटलं की चौकटीला टेकायचं, लांबून पाहणाऱ्याला बंद वाटायचं, आणि जिन्यात कुणी जोरात खोकलं तरी उघडायचं. मी घड्याळजी आहे आणि काम घरीच करतो. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, मागे लाकडी कपाट, आणि कपाटात लोकांची घड्याळं. त्या दिवसांत ती एक्केचाळीस होती. त्यातलं एकही माझं नव्हतं. माझं स्वतःचं दोन वर्षांपासून बंद आहे, त्याच्याकडे बघायला सवड होत नाही.

दार मोडलं मालकाने. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी दोन्ही बाजूंचा विचार करत बसायला नको.

आमचा मालक सगळ्या भाडेकरूंना सांगतो, मला मालक म्हणू नका, काका म्हणा. इमारतीत आम्ही सहा बिऱ्हाडं. सहाही दारांची दुसरी किल्ली काकाच्या कमरेला, एका बांगडीएवढ्या लोखंडी कड्यात. विसराळू माणूस. कुठली किल्ली कुणाची हे लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येक किल्लीला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं. जिन्यात तो जुडगा वाजला की आम्ही म्हणायचो, काका नजर टाकायला आला. आम्ही घरात नसलो की तो आमच्या घरात नजर टाकायचा. कशावर, ते कुणाला कधी कळलं नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणायच्या, बाकी काही जात नाही, पण साखरेचा डबा हलका होतो.

फेब्रुवारीत आम्ही नवराबायको दुपारभर मेहुणीकडे गेलो होतो. काकाने नजर टाकायला आमच्या दारात भलतीच किल्ली घातली, ती अडकली, आणि ती काढायच्या नादात त्याने दाराला खांदा लावला. कुलपाची जीभ वाकली आणि चौकटीतली पट्टी लाकडाच्या ढलपीसकट निघाली. आम्ही परत आलो तेव्हा काका आमच्याच खुर्चीवर बसला होता.

"दार राखत बसलो होतो," तो म्हणाला. "लाकूड दमलंय रे तुमचं."

तुमचं. भाडं घेताना दार त्याचं, मोडलं की आमचं.

मग सात महिने मी मागे लागलो.

"काका, दाराचं बघा."

"बघतोय."

"कधी?"

"अरे, आत्ता बघतोच आहे ना. समोरच तर आहे."

"माझ्याकडे लोकांची घड्याळं असतात. चोर आला तर?"

"तुझ्याकडे येतात ती सगळी बंद पडलेली. चोराला काय वेळेचं भान नसतं?" असं म्हणून स्वतःच हसला, आणि हसत हसत जिना उतरून गेला. पुढे आठवडाभर हाच विनोद त्याने प्रत्येक मजल्यावर सांगितला.

माझी बायको एका कचेरीत आवक-जावक सांभाळते. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, वहीत नोंद. ती म्हणाली, "तोंडाने बोलून काय होणार आहे? लिहून द्या आणि पोच घ्या." मी लिहिलं. कागद काकापुढे धरला, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, जसा काही मी विंचू धरून आणला होता.

"आपल्यात कागद कुठून आला? घरची माणसं आपण. मला मुलासारखा तू."

त्याच्या खऱ्या मुलाने त्याच्याशी बोलणं टाकल्याला अकरा वर्षं झालीत, पण ते जाऊ दे. मी टपालाने पाठवलं, सही घेऊन द्यायचं पत्र. चौथ्या दिवशी पोस्टमनने पाकीट परत आणलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: पत्ता सोडून गेला.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"त्यांनीच. माझं पेन घेऊन," पोस्टमन म्हणाला. "पेन परत दिलं नाही."

हे असं चाललं असतं अजून सात महिने. पण सप्टेंबरातल्या एका रविवारी मी साबण आणायला कोपऱ्यावर गेलो. बायको घरातच होती, डोक्याला कलप, तोंडाला कसलासा हिरवा लेप, अंगावर बाह्या गेलेला गाऊन. आणि मीटर वाचणारा माणूस दार ठोठावायला गेला. एकदाच ठोठावलं बिचाऱ्याने. दार उघडलं, आणि तो आपल्याच हाताच्या झोकाने थेट स्वयंपाकघरात आला. आधी तो किंचाळला. मग सावरून म्हणाला, "मावशी, मीटर कुठे आहे?"

बायको बेचाळीस वर्षांची आहे. तो पन्नाशीचा होता.

मी साबण घेऊन आलो तेव्हा तिची बॅग भरून झाली होती. लेप धुतला होता, राग तसाच होता.

"मी ताईकडे चालले. दार लागेल त्या दिवशी फोन करा."

"अगं पण मी?"

"तुम्ही बसा घड्याळांपाशी. ती सोडून तुम्हाला हलता तरी येतंय का?"

खरं होतं ते. एक्केचाळीस घड्याळांतलं एक जरी गेलं असतं तरी गावात माझ्याकडे पुन्हा कुणी गजराचं घड्याळसुद्धा टाकलं नसतं. तेव्हा मी घरात आणि बायको बाहेर, असा संसार सुरू झाला. दाराच्या मुठीला मी सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. कुणी दार ढकललं की माझं टेबल माझ्यासकट हातभर पुढे जायचं. भाजीची पिशवी खिडकीतून दोरीने वर ओढायची. रोज सकाळी फोन यायचा. तब्येत नाही, जेवण नाही, पहिला प्रश्न एकच: "लागलं का?" मी नाही म्हटलं की ती फोन ठेवायची. आठव्या दिवशी तर मी "हॅलो" एवढंच म्हणालो, आणि तिने माझ्या आवाजावरूनच ठेवला.

सुतळी बघून काका म्हणाला, "ही व्यवस्था बरी केलीस. आता कुलपाची गरजच नाही. सूनबाई दिसत नाहीत त्या?"

त्या दिवशी मी भाडे-तक्रार कचेरीत जायचं ठरवलं.

पण घर सोडायचं म्हणजे घड्याळं सोबत न्यायला हवीत. ती मी टॉवेलात गुंडाळून मोठ्या पिशवीत भरली. कचेरीच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. दुरुस्त झालेली सतरा-अठरा तरी होती, ती सगळी आपापल्या परीने टिकटिकत होती. आधी शेजारचा माणूस उठून समोरच्या बाकावर गेला. मग त्याच्या शेजारचा. मग पहारेकरी आला.

"पिशवीत काय आहे?"

"घड्याळं."

"किती?"

"एक्केचाळीस."

"कशाला आणलीत?"

"घराचं दार लागत नाही म्हणून."

तेवढ्यात पिशवीतल्या दोन गजराच्या घड्याळांनी एकदम तोंड उघडलं, आणि बाकं रिकामी झाली. त्यामुळे एक बरं झालं, माझा नंबर लगेच लागला.

आतली अधिकारीबाई कागदावरून डोकं वर न काढता बोलायची. तिच्या आवाजात चढउतार नव्हता. आगगाडीच्या वेळा सांगतात तसं सगळं एका सुरात.

"बाहेरचं दार, त्याचं कुलूप, खिडक्यांच्या कड्या, हे धड ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूने मोडलं नसेल तर मालकाने स्वतः करून द्यायचं. कळल्यापासून चौदा दिवसांत."

"मग झालं तर. लिहा हुकूम."

"कळल्यापासून, म्हणतेय मी. त्यांना कळलं होतं याला कागद काय?"

"अहो बाई, मोडलं त्यानेच. त्याला नाही कळणार तर कुणाला?"

"असं तुम्ही म्हणता. ते म्हणतील, तुम्हीच मोडलं. कागद?"

मी परत आलेलं पाकीट पुढे केलं. तिने वाचलं. "म्हणजे त्यांना पोचलं नाही."

"पोचलं नाही तर त्यावर लिहिलं कुणी?"

"पत्ता सोडून गेला, असं लिहिलंय."

"हो. असं तो स्वतःच्या हाताने लिहून गेला. आणि गेलाय कुठे, तर खालच्या मजल्यावर. रोज संध्याकाळी ओट्यावर बसतो."

बाईने पहिल्यांदा मान वर केली. "अक्षर त्यांचंच, हे सिद्ध करावं लागेल," ती म्हणाली. पण पाकीट ठेवून घेतलं, आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. "मालकाला आमचा माणूस बोलावणं नेऊन देईल. आमच्या माणसाला पत्ते सापडतात. तुम्ही एक तरी पुरावा आणा. आणि ती पिशवी बाहेर वाजवू नका."

मी पिशवी घेऊन घरी आलो. पुरावा आणा. म्हणजे मोडणारा मोकळा, आणि ज्याचं मोडलं त्याने पुरावे गोळा करत फिरायचं. त्या वेळी मला जे जे सुचलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवसांनी एक विचित्र गोष्ट झाली. काका वर आला आणि मला तो कळलाच नाही. टेबल हललं तेव्हा कळलं. जिन्यात जुडगा वाजला नव्हता.

"काका, किल्ल्या कुठे?"

"आहेत घरी. जड होतात रे आता." त्याचा हात कमरेवर गेला आणि रिकामा परत आला. "मी काय म्हणतो, जग वाईट झालंय. सगळ्यांना सांगत फिरतोय, आपापली कुलपं बदलून घ्या. आपापल्या खर्चाने. तुम्हा लोकांच्या काळजीपोटी सांगतो."

"माझ्या दाराला कुलूपच नाही, काका."

"मग तुला तर काहीच करायला नको. नशीबवान आहेस."

त्याला घाम फुटला होता, आणि दुपार काही एवढी गरम नव्हती.

उलगडा सुनावणीच्या आदल्या दिवशी झाला. सकाळी टेबल एकदम दीड हात पुढे गेलं आणि दारातून कोपऱ्यावरचा न्हावी आत पडला. त्याच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे होतं, मला वाटलं तेच न्यायला आला.

"ठोठावायचं तरी," मी म्हणालो.

"तुमच्या चिठ्ठीवर ठोठाव असं नाही लिहिलेलं, भाऊ." त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवला तो काकाचा जुडगा. "दाढी करताना कमरेत टोचतात म्हणून काढून ठेवल्या, आणि तिथेच विसरून गेले. मी म्हटलं येतील. आठ दिवस आलेच नाहीत. मग कुणाच्या आहेत ते बघावं म्हणून चिठ्ठ्या वाचल्या."

"तू वाचल्यास?"

"मला कुठे चष्म्याशिवाय दिसतं? गिऱ्हाईकाने वाचल्या. मोठ्याने. दुकान भरलेलं होतं, लोकांना आवडल्या फार."

मी एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. नर्सबाई: आठ ते चार बाहेर, साखर वरच्या फळीवर. निवृत्त ड्रायव्हर: दुपारी झोपतो, कानाने कमी. मास्तर: सुटीत गावाला, कपाटाला कुलूप नाही, बघितलं. सगळ्या इमारतीची कुंडली होती ती, पत्त्यासकट, आणि आठ दिवस ती न्हाव्याच्या दुकानात आरशाखाली लटकत होती. चोराला आपल्या मेहनतीने इतकं नीटस लिहायला वर्ष लागलं असतं.

शेवटची चिठ्ठी माझी होती. मी ती दोनदा वाचली. मग उठून न्हाव्याला चहा करून दिला. मग पुन्हा वाचली.

"खूश झालात," न्हावी म्हणाला. "माझं घड्याळ झालंय का?"

"झालं नसलं तरी आज करतो."

सुनावणीला काका इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहारेकऱ्याने माझी पिशवी बघून स्वतःच खुर्ची लांब नेली. आत गेल्या गेल्या काकाने अधिकारीबाईला नमस्कार ठोकला.

"ताई, हा मला मुलासारखा. आमचं नातं तसलं नाही, कोर्टकचेरीचं."

"नातं लिहायला अर्जात जागा नाही," बाई म्हणाली. "यांचं दार मोडलंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"दार मोडलंय?" काकाने माझ्याकडे असं पाहिलं की क्षणभर मलाच त्याची दया आली. "अरे, मला सांगायचंस तरी. एका शब्दाने बोलला नाही हो हा. मी तर कधी वर जातही नाही, गुडघे धरतात."

बाईने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. मग माझ्याकडे वळली. "पुरावा?"

मी पिशवीत हात घातला. टॉवेलाच्या घडीतून जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. तो वाजला, आणि काकाचं तोंड उजळलं. हरवलेलं वासरू सापडावं तसा तो खुर्चीतून उठला.

"अरे, सापडल्या? दहा दिवस झोप नाही मला." त्याने दोन्ही हातांनी कडं उचललं आणि किल्ल्या मोजू लागला. "सहा. आहेत. सगळ्या आहेत."

"या तुमच्या?" बाईने विचारलं.

"माझ्याच, ताई. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

"आणि चिठ्ठ्या?"

"त्याही माझ्याच. स्वतः लिहिल्यात. लक्षात राहत नाही ना मला."

बाईने हात पुढे केला. काकाने जुडगा तिच्या हातात दिला, आणि तो देताना त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण तोवर उशीर झाला होता. तिने माझी चिठ्ठी शोधली आणि त्याच आगगाडीच्या आवाजात वाचली:

"वरचा मजला, घड्याळजी. फेब्रुवारीत लॅच मोडला, माझ्याच हातून. किल्ली नको, खांदा लाव. सुतळी बांधली आहे, जोर जास्त लागतो."

खोलीत फक्त माझी पिशवी टिकटिकत होती.

"गुडघे धरतात म्हणालात," बाई म्हणाली. "खांदा ठीक आहे वाटतं."

"ताई, हे मी, म्हणजे चोर आलाच तर त्याला..." काका थांबला. चोर आला तर त्याला काय, हे त्याचं त्यालाही सुचेना.

बाईने जुडगा कुठे सापडला ते मला विचारून घेतलं आणि लिहू लागली. लिहिता लिहिता बोलत होती. चौदा दिवस फेब्रुवारीतच संपले, तेव्हा माझ्या दाराला नवं कुलूप उद्या संध्याकाळपर्यंत, मालकाच्या खर्चाने. किल्ल्या आठ दिवस भर दुकानात लटकत होत्या, तेव्हा बाकीच्या पाचही दारांची कुलपं आठवड्यात, तीही त्याच्याच खर्चाने. दुसरी किल्ली भाडेकरू स्वतः देईल तरच. आणि यापुढे कुणाच्याही घरात जायचं असेल तर आधी लेखी विचारायचं, उत्तर मिळेपर्यंत थांबायचं.

"लेखी?" काका म्हणाला. बाकी सगळं त्याने मान खाली घालून ऐकलं होतं, पण या शब्दाला त्याचा आवाज चिरकला.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला आला. चौकटीला नवं लाकूड, त्यावर जाड पट्टी, आणि अंगठ्याएवढ्या जिभेचं कुलूप. काका जिन्यात उभा राहून प्रत्येक स्क्रू मोजत होता. कुलूपवाला गेल्यावर मी सुतळी कापली आणि बायकोला फोन लावला.

"लागलं," मी म्हणालो.

"आवाज ऐकवा."

मी फोन दाराशी नेला आणि किल्ली फिरवली. खट्ट. परत फिरवली. खट्ट.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तासाभरात ती आली, पण आत येईना. मला आत उभं केलं, कुलूप लावायला लावलं, बाहेर बॅग खाली ठेवली आणि दाराला खांदा लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जिन्यातून पळत येऊन. दार जागचं हललं नाही. माझं तोंड खिडकीकडेच होतं, कारण सव्वीस दिवसांनी बायकोसमोर डोळे पुसताना दिसणं मला जमणार नव्हतं.

"आता उघडा," ती बाहेरून म्हणाली. दम लागला होता तिला.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा कलप लावला, पुन्हा तो हिरवा लेप. मी अखेर न्हाव्याच्या घड्याळाचा लंबक बसवत होतो. एवढ्यात दारावर धडक बसली. मग "आई गं".

बायको आरशापासून हलली नाही. "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"अगं, काका."

"कुठले काका?"

मग बाहेरून बारीक आवाजात, "घरमालक."

"काय काम आहे?"

"काही नाही सूनबाई, सहज. नवं कुलूप कसं बसलंय, एक नजर टाकावी म्हटलं."

"लेखी द्या," बायको म्हणाली. "दाराखालून."

तो जाईल असं मला वाटलं होतं. पण नाही. खिसे चाचपल्याचा आवाज आला, मग पेनाचं टोपण काढल्याचा. पोस्टमनचंच पेन असणार. मग दाराखालून पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकत आत आला, एका टोकाला अजून दोरा बांधलेला. मी तो उचलला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: मी, मालक. पाच मिनिटं आत येऊ का. खांदा दुखतोय.

बायकोने तो दोन बोटांत धरला, लेप न सांडवता वाचला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी तिला पेन दिलं. तिने खाली तारीख टाकली, "पोच" लिहिलं, सही केली आणि पुठ्ठा परत दाराखालून सारला.

"मिळाला हं अर्ज," ती म्हणाली. "चौदा दिवसांत कळवते."